वाचक विचारतात : संकटाचे इंग्रजी शब्द पोलिशमध्ये नेताना

इंग्रजीतून पोलिशमध्ये अनुवाद करणाऱ्या आणि पोलिश शिकणाऱ्या वाचकांचे जे प्रश्न साठले होते, त्यातले संकट, आपत्ती आणि आणीबाणीच्या शब्दांवरचे या वेळी एकत्र घेतले आहेत. पोलिश शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. त्यातला ‘व्ह’ म्हणजे पोलिश डब्ल्यू (कठोर व्यंजनाशेजारी किंवा शब्दाच्या शेवटी त्याचा ‘फ’ होतो) आणि साधा ‘व’ म्हणजे आडवी रेघ मारलेला एल. ‘झ’ मात्र तीन-चार वेगळ्या अक्षरांसाठी राबवावा लागला आहे, तेव्हा लिहिण्यापूर्वी स्पेलिंग शब्दकोशात पाहून घ्या.

प्रश्न : इंग्रजी ‘क्रायसिस’साठी पोलिशमध्ये ‘क्रिझिस’ हा सख्खा भाऊ शोभेल असा शब्द आहे. सगळीकडे तोच वापरला तर बिघडतं कुठे?

अर्थव्यवस्था, राजकारण, नातेसंबंध या विषयांत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते जोडशब्दांत. इंग्रजीत ‘क्रायसिस’ हे नाम दुसऱ्या नामापुढे नुसतं ठेवून दिलं की झालं : क्रायसिस टीम, क्रायसिस लाइन, क्रायसिस सेंटर. पोलिशला ते चालत नाही. तिथे एक तर विशेषण लागतं (क्रिझिसोव्ही, आणि लिंगाप्रमाणे क्रिझिसोव्हा किंवा क्रिझिसोव्हे), नाही तर षष्ठी, नाही तर अगदी वेगळा रूढ शब्द.

‘क्रायसिस मॅनेजमेंट’ म्हणजे ‘झाझोन्द्झान्ये क्रिझिसोव्हे’. विशेषण नामाच्या मागून येतं, कारण ते व्यवस्थापनाचा प्रकार सांगतं, गुण नव्हे. २६ एप्रिल २००७ च्या पोलिश कायद्याच्या नावातही हीच रचना आहे. कंपन्यांच्या कागदपत्रांत ‘झाझोन्द्झान्ये क्रिझिसेम’ असं तृतीयेचं रूपही दिसतं, पण त्याचा रोख एखादं विशिष्ट संकट हाताळण्यावर असतो. शासकीय मजकुरात ते वापरू नका.

‘क्रायसिस टीम’ला कायद्यात ‘झेस्पुव झाझोन्द्झान्या क्रिझिसोव्हेगो’ म्हणतात. बातम्यांत आणि बोलण्यात तिचाच ‘श्ताब क्रिझिसोव्ही’ होतो. पालिकेच्या आदेशात पहिला, पत्रकार परिषदेच्या वृत्तांतात दुसरा. ‘क्रायसिस लाइन’चा रूढ शब्द तर ‘तेलेफोन झाउफान्या’, म्हणजे विश्वासाचा फोन. त्यात ‘क्रिझिस’ औषधालाही नाही. गंमत अशी की ‘क्रायसिस ऑफ कॉन्फिडन्स’चं पोलिश ‘क्रिझिस झाउफान्या’ होतं, म्हणजे तोच विश्वास इथे संकटात सापडलेला.

संकट कशाचं, हे सांगताना बहुतेक वेळा विशेषण येतं : क्रिझिस फिनान्सोव्ही (आर्थिक), क्रिझिस एनेर्गेतिच्नी (ऊर्जेचा), क्रिझिस म्येश्कान्योव्ही (घरांचा). क्रियापदांच्या जोड्याही ठरलेल्या आहेत. संकट ‘व्हिबुखा’, म्हणजे त्याचा भडका उडतो. ते ‘पोग्वेम्ब्या शेन’, म्हणजे खोल जातं. ते टाळायचं असेल तर ‘झाझेग्नाच’ आणि त्यातून तरून जायचं असेल तर ‘प्शेत्र्फाच’. ‘वेदर द क्रायसिस’चा अनुवाद करताना हवामानाच्या वाटेला जाऊ नका.

एक जुना शब्दही ओळखून ठेवा : ‘प्शेशिलेन्ये’. ताप चढत जाऊन एका रात्रीत उतरणीला लागतो त्या वळणाला, मंत्रिमंडळ डळमळतं त्या प्रसंगाला आणि सूर्याच्या अयनबिंदूलाही हाच शब्द आहे. जुन्या वैद्यकीय मजकुरातला ‘क्रायसिस’ बऱ्याचदा याच अर्थाचा असतो आणि तिथे ‘क्रिझिस’ लिहिलं तर आजच्या वाचकाला रोगी बरा व्हायला लागलाय हे कळतच नाही.

प्रश्न : ‘इमर्जन्सी’साठी शब्दकोशात पाच-सहा शब्द सापडतात. त्यातला नेमका कोणता घ्यायचा?

एकच शब्द नाही, म्हणून शोधत बसू नका. आधी स्वतःला विचारा : इथे बिघडलंय काय, आणि मदतीला येणार कोण? उत्तराप्रमाणे पोलिश विशेषण बदलतं.

यंत्र बिघडलं किंवा यंत्राची पर्यायी सोय असेल तर ‘आव्हारिय्नी’. हे ‘आव्हार्या’ म्हणजे बिघाड या शब्दावरून आलंय. विमान अचानक उतरवणं म्हणजे ‘लोन्दोव्हान्ये आव्हारिय्ने’, गाडीचे चारही लुकलुकणारे दिवे म्हणजे ‘श्फ्यात्वा आव्हारिय्ने’, वीज गेल्यावरची पर्यायी सोय म्हणजे ‘झाशिलान्ये आव्हारिय्ने’. माणसाला अचानक काही झालं तर ‘नाग्वी’, म्हणजे आकस्मिक. हाक मारण्याचं साधन असेल तर ‘आलार्मोव्ही’ : ‘नुमेर आलार्मोव्ही’ म्हणजे ११२. सुटका करणारी माणसं किंवा विभाग असेल तर ‘रातुन्कोव्ही’. नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून केलेलं काही असेल तर ‘नाद्झ्व्हिचायनी’, म्हणजे संसदेची तातडीची बैठक ‘नाद्झ्व्हिचायने पोशेद्झेन्ये’.

‘इमर्जन्सी एक्झिट’ला दोन शब्द आहेत. इमारतीतल्या हिरव्या पाटीवर ‘व्हिय्श्चे एव्हाकुआत्सिय्ने’ असतं, बसमध्ये आणि विमानात ‘व्हिय्श्चे आव्हारिय्ने’. आगगाडीतला ‘इमर्जन्सी ब्रेक’ मात्र ‘हामुलेत्स बेस्प्येचेन्स्त्फा’, म्हणजे सुरक्षेचा ब्रेक. तिथे ‘आव्हारिय्नी’ लिहिलं तर अर्थ कळेल, पण डब्यातल्या लाल मुठीवर ते लिहिलेलं नसतं. प्रवाशांसाठीच्या सूचनेत पाटीवरचाच शब्द हवा.

रुग्णालयातला ‘इमर्जन्सी रूम’ म्हणजे ‘श्पितालनी ओद्जाव रातुन्कोव्ही’. रोजच्या बोलण्यात त्याची नुसती रोमन आद्याक्षरं, ‘सोर’. आधीच्या पिढीच्या तोंडी ‘ओस्त्री दिझुर’ येतं. संवाद लिहिताना पात्राचं वय पाहून निवडा. रुग्णवाहिका सेवेला ‘पोगोतोव्ह्ये रातुन्कोव्हे’ किंवा नुसतं ‘पोगोतोव्ह्ये’ म्हणतात, पण हा शब्द वैद्यकीय सेवेपुरता नाही. गॅसगळतीसाठीचं ‘पोगोतोव्ह्ये गाझोव्हे’ ९९२ वर आणि विजेचं ‘पोगोतोव्ह्ये एनेर्गेतिच्ने’ ९९१ वर मिळतं. रुग्णवाहिकेचा जुना थेट क्रमांक ९९९, अग्निशमनाचा ९९८ आणि पोलिसांचा ९९७. ११२ आला तरी हे चालू आहेत. इंग्रजी मूळ मजकुरात ब्रिटनचा ‘९९९’ असेल तर तो पोलिशमध्ये तसाच उतरवू नका. पोलंडच्या वाचकाला त्यातून फक्त रुग्णवाहिका दिसते, आग किंवा चोर दिसत नाही.

फॉर्ममधला ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट’ हा रकाना लांबलचक होतो : ‘ओसोबा दो कोन्ताक्तू व्ह नाग्विख व्हिपात्काख’, म्हणजे आकस्मिक प्रसंगी संपर्क साधायची व्यक्ती. मोबाइलच्या मेन्यूत ‘कोन्ताक्त आलार्मोव्ही’ रुळलाय. ‘कोन्ताक्त आव्हारिय्नी’ टाळा. ते एखाद्या पंपाच्या दुरुस्तीसाठीच्या माणसासारखं वाटतं. गाठीला ठेवलेल्या पैशांना, म्हणजे ‘इमर्जन्सी फंड’ला, पोलिश माणूस ‘पोदुश्का फिनान्सोव्हा’ म्हणतो, पैशाची उशी. आणि नियमाला अपवाद हवाच असेल तर ‘इमर्जन्सी कॉन्ट्रासेप्शन’ घ्या : विषय वैद्यकीय असूनही रूढ शब्द ‘आन्तिकोन्त्सेप्त्स्या आव्हारिय्ना’.

प्रश्न : ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’ आणि ‘मार्शल लॉ’ यांत पोलिश मजकूर काय फरक करतो? बातम्यांत दोन्हींची सरमिसळ दिसते.

इथे अनुवादकाला कायदा उघडून बसावंच लागतं. पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेत कलम २२८ मध्ये तीनच असाधारण स्थिती सांगितल्या आहेत, त्यांचं एकत्र नाव ‘स्तानी नाद्झ्व्हिचायने’. पहिली ‘स्तान व्होयेन्नी’, दुसरी ‘स्तान व्हियोन्त्कोव्ही’, तिसरी ‘स्तान क्लेन्स्की झिव्ह्योवोव्हेय’. पहिलीला इंग्रजीत ‘मार्शल लॉ’ म्हणतात, दुसरी राज्यव्यवस्थेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असताना लागते, तिसरी नैसर्गिक आपत्तीत. म्हणजे पुरामुळे जाहीर झालेल्या ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’ला ‘स्तान व्हियोन्त्कोव्ही’ लिहिलंत तर तुम्ही पूरग्रस्त जिल्ह्यावर भलतीच व्यवस्था लादलीत.

मुदतीही वेगळ्या. ‘व्हियोन्त्कोव्ही’ राष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाच्या विनंतीवरून जाहीर करतात, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि सेयमच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) संमतीने ती एकदाच, फार तर ६० दिवस वाढवता येते. आपत्तीची स्थिती मंत्रिमंडळ स्वतः जाहीर करतं, ३० दिवसांपर्यंत, आणि पुढे वाढवायला सेयमची संमती लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेलगत लावली ती ‘व्हियोन्त्कोव्ही’ होती. सप्टेंबर २०२४ च्या पुरात दक्षिण-पश्चिम पोलंडच्या काही भागांत लावली ती आपत्तीची, आणि या राज्यघटनेखाली ती वापरण्याची ती पहिलीच वेळ.

आता खरा सापळा. ‘स्तान व्होयेन्नी’चा शब्दशः अर्थ ‘युद्धस्थिती’ निघतो आणि इंग्रजीतल्या ‘स्टेट ऑफ वॉर’साठी तो हमखास चुकून वापरला जातो. पण दुसऱ्या देशाशी युद्ध पुकारलं जातं त्या स्थितीचं पोलिश नाव ‘स्तान व्होयनी’ आहे आणि तिचं कलम ११६ वेगळं. विशेषण की षष्ठी, एवढ्यानेच अंतर्गत निर्बंध की परराष्ट्राशी युद्ध हे ठरतं. १३ डिसेंबर १९८१ ला लागू झालेली आणि २२ जुलै १९८३ ला उठवलेली ती ‘स्तान व्होयेन्नी’. तेव्हा कुणाशी युद्ध नव्हतं. मग हेच नाव का? कारण १९५२ च्या राज्यघटनेत ‘व्हियोन्त्कोव्ही’ची स्वतंत्र तरतूदच नव्हती, ती १९८३ मध्ये आली. म्हणून त्या काळावरच्या इंग्रजी मजकुरातलं ‘मार्शल लॉ’ पोलिशमध्ये नेहमी ‘स्तान व्होयेन्नी’च होतं. तिथे वर्णनात्मक पर्याय देऊ नका, पोलिश वाचकासाठी ते विशेषनामासारखं आहे.

करोनाकाळातल्या मजकुरात आणखी एक चूक होते. इंग्रजी वृत्तसंस्था सरसकट ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’ लिहीत होत्या, पण पोलंडमध्ये वरच्या तीनपैकी एकही स्थिती तेव्हा साथीसाठी जाहीर झाली नाही. २० मार्च २०२० पासून होती ती ‘स्तान एपिदेमी’. ती २००८ च्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखालची, राज्यघटनेखालची नव्हे. १६ मे २०२२ पासून तिचं रूपांतर ‘स्तान झाग्रोझेन्या एपिदेमिच्नेगो’त, म्हणजे साथीच्या धोक्याच्या स्थितीत झालं.

आणि मूळ मजकूर पोलंडविषयी नसेल तर? फ्रान्स, अमेरिका, श्रीलंका यांची ‘स्टेट ऑफ इमर्जन्सी’ साधारणपणे ‘स्तान व्हियोन्त्कोव्ही’ म्हणून जाते. पण अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने चक्रीवादळापूर्वी ती जाहीर केली असेल, तर ‘स्तान क्लेन्स्की झिव्ह्योवोव्हेय’ वाचकाला बरोबर चित्र देतं. इथे आमचं मत सरळ आहे : शब्दापेक्षा परिणाम पाहा. रस्त्यावर सैन्य येणार आहे की वाळूच्या गोण्या, हे वाक्यातून कळलं पाहिजे.

प्रश्न : ‘डिझास्टर’साठी ‘कातास्त्रोफा’ की ‘क्लेन्स्का’?

निसर्गाचा तडाखा ‘क्लेन्स्का झिव्ह्योवोव्हा’, माणसाच्या रचनेचा कोसळा ‘कातास्त्रोफा’ : विमान (कातास्त्रोफा लोत्निचा), रेल्वे (कातास्त्रोफा कोलेयोव्हा), इमारत (कातास्त्रोफा बुदोव्ह्लाना, हा बांधकाम कायद्यातला शब्द). पण कायद्याने हे चित्र थोडं गुंतागुंतीचं केलंय. १८ एप्रिल २००२ च्या कायद्यात ‘क्लेन्स्का झिव्ह्योवोव्हा’ची व्याख्या नैसर्गिक आपत्ती (कातास्त्रोफा नातुराल्ना) किंवा तांत्रिक बिघाड (आव्हार्या तेख्निच्ना) अशी दोन्हींना धरून केली आहे, परिणाम मोठ्या प्रमाणावर असतील तर. म्हणजे कायदेशीर मजकुरात रसायन कारखान्यातला अपघातही ‘क्लेन्स्का’त मोडू शकतो. वर्तमानपत्राला हे ओझं नाही.

रस्त्यावरची टक्कर कितीही भीषण असली तरी ती सहसा ‘व्हिपादेक’. कुणी जखमी नसेल तर ‘कोलिझ्या’, आणि बोलण्यात ‘स्त्वुच्का’. इंग्रजी ‘क्रॅश’ तर चौफेर फुटतो : विमानाला ‘कातास्त्रोफा’, मोटारीला ‘व्हिपादेक’, शेअर बाजाराला ‘क्राख’, संगणकाला ‘आव्हार्या’. शोध-बदल करून एका झटक्यात सगळे बदलण्याचा मोह आवरा.

प्रश्न : ‘हॅझर्ड’ला ‘हाझार्द’ लिहिलं आणि संपादकाने लाल रेघ मारली. का?

कारण पोलिशमध्ये ‘हाझार्द’ म्हणजे जुगार. ‘केमिकल हॅझर्ड’चं शब्दशः पोलिश वाचून वाचकाला रसायनांचा पत्त्यांचा अड्डा दिसतो. धोक्याचा स्रोत ‘झाग्रोझेन्ये’, तो प्रत्यक्षात येण्याची शक्यता ‘रिझिको’, धोकादायक पदार्थ ‘न्येबेस्प्येच्नी’. इंग्रजी अहवालात ‘हॅझर्ड’, ‘थ्रेट’ आणि ‘रिस्क’ एकाच वाक्यात आले तर पोलिशमध्ये पहिले दोन ‘झाग्रोझेन्ये’त विलीन होतात. फरक महत्त्वाचा असेल तर ‘ज्झ्रुद्वो झाग्रोझेन्या’, म्हणजे धोक्याचा उगम, असं पहिल्यासाठी फोडून लिहा. अर्थशास्त्रातला ‘मॉरल हॅझर्ड’ मात्र ‘पोकुसा नादुझिच्या’ (गैरवापराचा मोह). त्याच्या जोडीला ‘हाझार्द मोराल्नी’ हा शब्दशः पर्यायही दिसतो, पण पहिला जास्त समजतो.

प्रश्न : ‘कॅज्युअल्टीज’चा आकडा पोलिश बातमीत कसा द्यावा?

आधी मूळ बातमीत पाहा की आकड्यात जखमी धरलेत का. इंग्रजीत ते बहुतेक वेळा धरलेले असतात. पोलिशमध्ये नुसतं ‘ओफ्यारी’ लिहिलं की वाचक मृत समजतो. दोन्ही मिळून असेल तर ‘पोश्कोदोव्हानी’ (बाधित, इजा झालेले), किंवा सरळ ‘झाबिची इ रान्नी’ (ठार आणि जखमी). मृतच सांगायचे असतील तर ‘ओफ्यारी श्म्येर्तेल्ने’.

आणि मग संख्येचं व्याकरण. हे आपोआप भरल्या जाणाऱ्या साच्यांत हमखास मोडतं, म्हणून जवळून पाहू. ‘व्यक्ती’साठी ‘ओसोबा’ आणि ‘मरण पावली’साठी ‘झ्गिनेवा’ घ्या. १ असेल तर ‘ओसोबा झ्गिनेवा’. २, ३, ४ असतील तर ‘ओसोबी झ्गिनेवी’. ५ पासून पुढे नाम षष्ठी अनेकवचनात जातं आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात : ‘५ ओसुप झ्गिनेवो’. १२, १३, १४ देखील असेच, ‘ओसुप झ्गिनेवो’. पण २२, २३, २४ पुन्हा ‘ओसोबी झ्गिनेवी’, आणि २५ परत ‘ओसुप’. २१ ला मात्र १ चा नियम लागत नाही, तिथे ‘ओसुप’च. ज्या साच्यात ‘एक’ आणि ‘अनेक’ अशा दोनच खाचा आहेत त्यात पोलिश बसत नाही. किमान तीन लागतात, आणि तिसऱ्या खाचेचा निर्णय शेवटचा अंक आणि शेवटचे दोन अंक दोन्ही पाहून करावा लागतो. हे जमत नसेल तर वाक्यच टाळा : ‘लिच्बा ओफ्यार : २२’, म्हणजे मृतांची संख्या, दोन टिंबं, आकडा. दिसायला रूक्ष, पण कधीच चुकत नाही.

प्रश्न : नागरिकांना जाणारा इशाऱ्याचा एसएमएस पोलिशमध्ये करायचा आहे. आदरार्थी ‘पान’, ‘पानी’ वापरावं का?

नाही. पोलंडमध्ये झोन्दोव्हे त्सेन्त्रुम बेस्प्येचेन्स्त्फा (सरकारी सुरक्षा केंद्र) २०१८ पासून जे ‘आलेर्त एर-त्से-बे’ पाठवतं, त्यात सरळ एकवचनी आज्ञार्थ असतो, मित्राला सांगावं तसा. एरवी अनोळखी माणसाला हे उद्धट वाटलं असतं. इशाऱ्यात वाटत नाही. भिंतीवरच्या पाटीची रीत वेगळी : तिथे क्रियापदाचं मूळ रूप येतं, ‘लिफ्ट वापरू नये’ या धर्तीचं.

नमुना घेऊ. इंग्रजी मूळ असं : ‘सिव्हिअर स्टॉर्म्स एक्स्पेक्टेड. स्टे इनडोअर्स, अव्हॉइड ट्रीज. पॉवर कट्स पॉसिबल.’ पोलिश : ‘उव्हागा! शिल्ने बुझे. झोस्तान्य व्ह दोमू, उनिकाय द्झेफ. मोझ्लिव्हे प्शेर्व्ही व्ह दोस्ताव्ह्ये प्रोन्दू.’ ‘एक्स्पेक्टेड’ गेलं, कारण ‘लक्ष द्या! जोरदार वादळं’ एवढ्यात ते येतं. ‘पॉवर कट’ म्हणजे वीजपुरवठ्यातला खंड, ‘प्शेर्व्हा व्ह दोस्ताव्ह्ये प्रोन्दू’. तिथे ‘ब्लॅकआउट’ लिहू नका, तो सगळा प्रदेश अंधारात गेला तर.

आता मोजणी. हा मजकूर रोमन लिपीत ८२ अक्षरांचा आहे आणि त्यात पोलिश चिन्हं असलेली अक्षरं फक्त तीन. पण तीन असोत की एक, संदेश १६०ऐवजी ७० अक्षरांच्या मर्यादेत जातो, कारण ती अक्षरं एसएमएसच्या मूळ संचात नाहीत आणि पूर्ण संदेश दोन बाइटांच्या युनिकोडमध्ये पाठवावा लागतो. म्हणजे ८२ अक्षरांचे दोन एसएमएस झाले, आणि जोडसंदेशात प्रत्येक तुकड्याला ७०ही नाहीत, ६७ मिळतात. म्हणूनच हे सरकारी इशारे शेपट्या, ठिपके आणि रेघा काढून लिहिले जातात. काढताना फक्त एक पाहा, उरलेला शब्द भलताच तर होत नाही ना. ‘सोंद’ म्हणजे न्यायालय. त्याची शेपटी काढली की ‘साद’, म्हणजे फळबाग. संदेशात अशी जोडी आली तर शब्दच बदला.

पातळ्याही मिसळू नका. हवामान खात्याचा इशारा ‘ओस्त्शेझेन्ये’, पहिल्या ते तिसऱ्या श्रेणीचा, आणि तिसरी सगळ्यात गंभीर. नदीच्या पातळीला ‘स्तान ओस्त्शेगाफ्ची’ आणि त्याच्या वर ‘स्तान आलार्मोव्ही’. स्थानिक प्रशासन पुरासाठी आधी ‘पोगोतोव्ह्ये प्शेचिफपोव्होजोव्हे’ जाहीर करतं आणि मग ‘आलार्म’. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅलर्ट’, ‘वॉर्निंग’चा क्रम देशागणिक बदलतो, म्हणून नावाला नाव न जोडता पायरीला पायरी जोडा. दहशतवादाच्या इशाऱ्यांना तर अनुवादच नाही : ‘स्तोप्येन्य आलार्मोव्ही’च्या पुढे आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा तसेच राहतात.

प्रश्न : मानसिक आरोग्यावरच्या मजकुरात ‘पर्सन इन क्रायसिस’ येतं. थेट अनुवाद चालेल?

चालेल, आणि आता तोच रूढ होतोय : ‘ओसोबा फ क्रिझिशे’. बेघर माणसासाठीही जुन्या ‘बेझ्दोम्नी’ऐवजी संस्थांच्या लिखाणात ‘ओसोबा फ क्रिझिशे बेझ्दोम्नोश्ची’ येतं, म्हणजे बेघरपणाच्या संकटातली व्यक्ती. कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी ते घालू नका, तो ‘बेझ्दोम्नी’च म्हणेल. ‘ओसोबा’चा आणखी एक फायदा असा की हे नाम व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्यामुळे पुढची विशेषणं स्त्रीलिंगी होतात आणि वाचक पुरुष की बाई हा प्रश्नच उरत नाही.

‘नर्व्हस ब्रेकडाउन’ म्हणजे ‘झावामान्ये नेर्व्होव्हे’, ‘मिडलाइफ क्रायसिस’ म्हणजे ‘क्रिझिस व्ह्येकू श्रेद्न्येगो’. इंग्रजी पुस्तिकेच्या तळाशी असलेले मदतीचे क्रमांक अनुवादित करायचे नसतात, बदलायचे असतात : पोलंडमध्ये मुलं आणि तरुणांसाठी ११६ १११, भावनिक संकटातल्या प्रौढांसाठी ११६ १२३. ‘क्रायसिस सेंटर’साठी ‘ओश्रोदेक इन्तेर्व्हेन्त्सी क्रिझिसोव्हेय’ लिहा. २००४ च्या समाजसाहाय्य कायद्यात या केंद्रांचं हेच नाव आहे.

प्रश्न : मंदीचे शब्द?

थोडक्यात : ‘रिसेशन’ रेत्सेस्या, ‘स्लोडाउन’ स्पोव्होल्न्येन्ये, ‘कोलॅप्स’ झावामान्ये किंवा झापाश्च (हा दुसरा वैद्यकीय मजकुरात रक्ताभिसरण ढासळण्यालाही लागतो). १९२९ नंतरच्या ‘ग्रेट डिप्रेशन’ला ‘व्ह्येल्की क्रिझिस’ म्हणतात. ‘देप्रेस्या’ म्हटलं की आधी आजार आठवतो. ‘इन्सॉल्व्हन्सी’ न्येव्हिप्वात्साल्नोश्च, म्हणजे देणी देता न येणं; न्यायालयाने जाहीर केलेली दिवाळखोरी उपाद्वोश्च. या दोहोंत गल्लत झाली तर कंपनीचा वकील फोन करतो. ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग क्रायसिस’साठी ‘क्रिझिस कोश्तुफ झिच्या’ छापलं जातं, पण घरात बोलताना लोक ‘द्रोझिझ्ना’ म्हणतात, महागाई.

प्रश्न : ‘शेल्टर’साठी ‘स्ख्रोनिस्को’ बरोबर आहे ना?

डोंगरातला मुक्काम, भटक्या कुत्र्यांचं घर, बेघरांचा निवारा, यांना हो. बॉम्बहल्ल्यात शिरायच्या जागेला नाही. ५ डिसेंबर २०२४ चा लोकसंरक्षण आणि नागरी संरक्षणाचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यात ‘स्ख्रोन’ (बंदिस्त, हवाबंद रचनेचा), ‘उक्रिचे’ (हवाबंद नसलेला) आणि तात्पुरत्या आसऱ्यासाठी ‘म्येय्स्त्से दोराझ्नेगो स्ख्रोन्येन्या’ असे तीन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत तिन्हींना ‘शेल्टर’ म्हटलेलं असू शकतं, तेव्हा मूळ मजकुरातलं बांधकामाचं वर्णन वाचल्याशिवाय निवडू नका. ‘शेल्टर इन प्लेस’ ही सूचना कृतीत फोडा : इमारतीतच थांबा, खिडक्या बंद करा.

प्रश्न : ‘रिस्पॉन्स’, ‘रिकव्हरी’, ‘रेझिलिअन्स’ हे अहवालातले शब्द दर वेळी अडवतात.

संकट व्यवस्थापनाचे चार टप्पे पाठ करून टाका : झापोब्येगान्ये (प्रतिबंध), प्शिगोतोव्हान्ये (तयारी), रेआगोव्हान्ये (प्रतिसाद), ओद्बुदोव्हा (पुनर्उभारणी). ‘रिस्पॉन्स’ला ‘ओत्पोव्ह्येच’ लिहिलं तर ते प्रश्नाचं उत्तर होतं. प्रतिबंधासाठी ‘प्रेव्हेन्त्स्या’ही टाळा, त्या शब्दाने पोलिसांची तुकडी डोळ्यांपुढे येते. ‘रेझिलिअन्स’ ओत्पोर्नोश्च. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाही हाच शब्द आहे, पण युरोपीय निधीच्या ‘रिकव्हरी अँड रेझिलिअन्स’ योजनेच्या पोलिश नावात ओद्बुदोव्हा आणि ओत्पोर्नोश्च हीच जोडी आल्यामुळे तो आता खटकत नाही. मानसशास्त्रात ‘रेझिल्येन्त्स्या’ चालतो.

प्रश्न : ईमेलच्या शेवटी ‘स्टे सेफ’ असतं, त्याचं काय करू?

‘बोंच बेस्प्येच्नी’ लिहू नका. एक तर इंग्रजीचा वास येतो, शिवाय ते पुरुषालाच उद्देशून होतं. बाईला ‘बेस्प्येच्ना’ लागेल. ओळखीच्या माणसाला ‘उव्हाझाय ना शेब्ये’ (स्वतःला जप) लिहा, त्यात लिंग येत नाही. कार्यालयीन पत्रात ते सलगीचं होईल, तिथे ही ओळ गाळून नेहमीचा समारोप ठेवा.